जपानीत दिनक्रम लिहिताना तुटक वाक्यं कशी जोडली: माझा अनुभव

विद्यापीठातला माझा दिवस जपानीत लिहायला घेतला, की प्रत्येक वाक्य 'मास' या क्रियापदाच्या आदरार्थी शेवटावर संपून सुटं पडायचं. उठते. खाते. जाते. मध्ये 'सोरेकारा' (मग, त्यानंतर) पेरूनही ओघ येईना.

मार्ग निघाला क्रियापदाच्या ते-रूपाने, म्हणजे 'ते' किंवा 'दे'वर संपणाऱ्या रूपाने. आपल्या 'उठून, खाऊन, जाते'सारखंच ते चालतं. काळ ठरतो शेवटच्या क्रियापदावर. 'रोकुजी नि ओकिते, मिसारु ओ ताबेते, बासु दे दाइगाकु ए इकिमास.' सहाला उठून, मिसळ खाऊन, केएमटीच्या बसने विद्यापीठात. कोल्हापूरची अख्खी सकाळ एका वाक्यात! फार क्रिया मात्र ओवू नका, वाचणाऱ्याला धाप लागते.

रूपं पाठच करावी लागतात: नोमुचं (पिणे) नोन्दे, काकुचं (लिहिणे) काइते, पण इकुचं (जाणे) इत्ते. सरावाला चौकटींचा गेन्कोयोशी हा जपानी लेखनाचा कागद उत्तम. परिच्छेदाची पहिली चौकट रिकामी सोडायची आणि 'इत्ते'मधल्या छोट्या 'त्सु'लाही (पुढचं व्यंजन दुहेरी करणारं अक्षर) स्वतंत्र चौकट द्यायची.