पोलीस गोळीबारात घरचं माणूस गेलं, तर स्वतंत्र चौकशी कशी मागावी

पोलिसांच्या गोळीने माणूस मेला की त्याच संध्याकाळी बातमीत 'चकमक' हा शब्द येतो, आणि घरच्यांना वाटतं, आता विचारायचं काय उरलं? पुष्कळ उरलेलं असतं. मात्र त्यातलं बरंचसं पहिल्या दोन दिवसांत हातचं जातं.

आधी एक निकाल छापून जवळ ठेवा: पीयूसीएल (नागरी हक्कांसाठी काम करणारी संघटना) विरुद्ध महाराष्ट्र शासन, २३ सप्टेंबर २०१४. १९९५ ते १९९७ या काळात मुंबईत सुमारे ९९ चकमकींत १३५ जण मारले गेले, त्यावरून हा खटला उभा राहिला. त्यात सर्वोच्च न्यायालयाने घालून दिलेल्या सोळा सूचना पोलिसांवर कायद्याइतक्याच बंधनकारक आहेत. तुमचा पुढचा प्रत्येक अर्ज याच निकालावर उभा राहील.

सगळ्यात घाईचं काम शवविच्छेदनाचं. ते जिल्हा रुग्णालयात दोन डॉक्टरांनी करायचं असतं, शक्यतो त्यातले एक रुग्णालयाचे प्रमुख, आणि त्याचं चित्रीकरण करून ते जपून ठेवायचं असतं. हे तिन्ही मुद्दे लिहून अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या. तोंडी विनंतीचा पुढे काहीच पुरावा राहत नाही. कोऱ्या कागदावर सही करू नका, न वाचता पंचनाम्यावरही नाही. मृतदेहाची पुन्हा तपासणी मागावी लागेल अशी शंका असेल, तर दहनाऐवजी दफनाचा विचार करावा. त्या घडीला हे बोलणं फार जड जातं, पण राखेतून काही सिद्ध करता येत नाही.

मग फिर्यादीची नक्कल मिळवा आणि ती कुणाविरुद्ध आहे ते बघा. पुष्कळदा आरोपी म्हणून मेलेल्याचंच नाव असतं. तसं असेल तर गोळी झाडणाऱ्यांविरुद्धची तुमची तक्रार वेगळी, लेखी द्या.

तपास कोण करतंय, हा सगळ्या प्रकरणाचा कणा. ज्या पथकाने गोळी झाडली त्याच ठाण्याने तपास करणं निकालाला मान्य नाही. तो सीआयडीने करावा किंवा दुसऱ्या ठाण्याच्या पथकाने, तोही वरिष्ठ अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली. अर्जात नेमकं विचारा: पथकातल्या पोलिसांनी शस्त्रं तपासणीसाठी जमा केली का? पुंगळ्या, गोळ्या, रक्ताने माखलेली माती जप्त झाली का? मृताच्या हातावर बंदुकीच्या दारूचे कण सापडतात का, हे तपासलं का? त्यानेच आधी गोळी झाडली असं पोलीस म्हणत असतील, तर या शेवटच्या प्रश्नाला फार वजन आहे.

पोलीस गोळीबारातल्या प्रत्येक मृत्यूची दंडाधिकारी चौकशी होते. माणूस पोलिसांच्या ताब्यात असताना मेला असेल, तर ती न्यायदंडाधिकाऱ्यांनी करायची असते (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, कलम १९६). आई-वडील, मुलं, भावंडं, नवरा किंवा बायको यांना तिथे हजर राहता येतं. जरूर जा. ही चौकशी नावापुरतीच असते असं म्हणणाऱ्यांनी बदलापूरचं, शाळेतल्या लहान मुलींवरच्या लैंगिक अत्याचाराचं प्रकरण आठवावं. त्यातला आरोपी २३ सप्टेंबर २०२४ रोजी, म्हणजे त्या निकालाला बरोबर दहा वर्षं झाली त्या दिवशी, मुंब्रा बायपासवर पोलीस व्हॅनमध्ये गोळी लागून मेला. जानेवारी २०२५मध्ये दंडाधिकाऱ्यांच्या अहवालाने पाच पोलिसांना जबाबदार धरलं, आणि त्याचे आई-वडील उच्च न्यायालयात गेलेले असल्यामुळे तो अहवाल फायलीत पडून राहिला नाही. आरोप कितीही घृणास्पद असो, शिक्षा न्यायालयानेच द्यायची असते.

यातलं काही पाळलं गेलं नाही तर थेट जिल्ह्याच्या सत्र न्यायाधीशांकडे तक्रार करता येते. ही तरतूद त्याच निकालात आहे, आणि माझ्या मते कुटुंबाच्या हातातलं हेच सर्वांत धारदार साधन आहे. दुर्दैवाने फारच थोड्यांना ते ठाऊक असतं.

राज्य मानवी हक्क आयोगाकडे घटनेपासून एका वर्षाच्या आत तक्रार द्या. ती मराठीत चालते, शुल्क नाही. माणूस वाचला पण गोळीने किंवा लाठीने गंभीर जखमी झाला असेल, तर राज्य पोलीस तक्रार प्राधिकरणाकडेही जाता येतं.

वकिलाचे पैसे नसतील तर जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात जा. स्त्रिया आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना तिथे उत्पन्नाची अट न घालता मोफत वकील मिळतो, म्हणून अर्ज शक्यतो आईच्या किंवा पत्नीच्या नावाने करा.