पूरग्रस्तांच्या मदतीला निघताय? आधी स्वतःचे पाय बघा

ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगली बुडाली, जुलै २०२१ मध्ये चिपळूण. अशा वेळी पाणी ओसरलं की फावडी-घमेली घेऊन गाळ उपसायला माणसं निघतात, आणि त्यांची खरंच गरज असते. पण स्वयंसेवकच तापाने आडवा झाला, तर आधीच भरलेल्या दवाखान्यात आणखी एक खाट अडते. म्हणून पुढच्या चुका टाळा.

पायाला चिखल्या, भेगा असताना गाळात उतरणे. सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. उंदीर-घुशी आणि गुराढोरांच्या मुतातले लेप्टोस्पायरोसिस (लेप्टो) या तापाच्या आजाराचे जंतू पुराच्या पाण्यात आणि गाळात असतात. ते शिरतात कातडीच्या चिरेतून, तासन्‌तास भिजून मऊ पडलेल्या त्वचेतून, नाहीतर डोळ्या-नाका-तोंडातून. निघण्याआदल्या रात्री उजेडात बसून बोटांच्या बेचक्या आणि टाचा नीट बघा. कातडी फाटलेली असेल तर गाळात उतरू नका. धान्याची किटं बांधणं, याद्या करणं ही कोरड्यातली कामंही तितकीच खोळंबलेली असतात.

गमबूट घातले की निर्धास्त, असंही नाही. वरून पाणी आत गेलं की पाय त्यातच भिजत राहतो. दर दोन-तीन तासांनी बूट पालथा करा, पाय साबणाने धुवा, बेचक्या कोरड्या पुसा, मोजे बदला. दिवसाला तीन जोड तरी हवेत. गाळातला खिळा पातळ तळव्यातून वर येतो, म्हणून आत जाड इनसोल घाला.

गोळी-इंजेक्शनचं ऐनवेळी आठवणे. धनुर्वाताचा डोस १० वर्षांत घेतला नसेल तर निघण्याआधी घ्या. मळकट जखम झाली आणि आधीच्या डोसला ५ वर्षं उलटलेली असली, तर पुन्हा घ्यावा लागतो. लेप्टो होऊ नये म्हणून मोठ्या माणसांना सहसा डॉक्सिसायक्लिन २०० मिलिग्रॅम आठवड्यातून एकदा देतात, पण डॉक्टरांना विचारूनच घ्या. गरोदर बायकांना ही गोळी चालत नाही. उपाशीपोटी घेतली तर मळमळतं. घोटभर पाण्याबरोबर गिळून लगेच आडवं झालं तर ती अन्ननलिकेत अडकून जळजळते. जेवणानंतर, ग्लासभर पाण्याबरोबर घ्या आणि अर्धा तास बसून राहा. बीपी-शुगरच्या स्वतःच्या गोळ्या दोन दिवस जास्तीच्या ठेवा, रस्ते बंद होतात.

लघवीला जागा नाही म्हणून पाणी न पिणे. बायकांच्या बाबतीत हे फार होतं. लघवी गडद पिवळी झाली, डोकं दुखू लागलं की समजा उशीर झालाय. कुठल्या घरी सोय होईल हे काम सुरू करण्याआधीच विचारून ठेवा. ओआरएसचं मोठं पाकीट १ लिटर पाण्यासाठी असतं. अख्खं पाकीट एका ग्लासात ढवळलं तर क्षार नको तितके जास्त होतात.

ब्लीचिंग पावडरमध्ये ॲसिड मिसळणे. फरशी लवकर स्वच्छ निघेल म्हणून संडास धुण्याचं ॲसिड ओततात. त्यातून क्लोरीन वायू सुटतो आणि बंद खोलीत जीव घुसमटतो. दोन्ही कधीच एकत्र करू नका.

घरी आल्यावर ताप अंगावर काढणे. लेप्टोचा ताप सहसा ५ ते १४ दिवसांत येतो, कधी महिन्यानेही. पोटऱ्या दुखल्या, डोळे लाल झाले तर नुसत्या पॅरासिटामॉलवर दिवस ढकलू नका. डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा, ‘पुराच्या पाण्यात उतरलो होतो.’