घरच्या पवनचक्कीत कॉइल आणि मॅग्नेटची जोडी कशी जुळवायची

बरेच जण आधी तांब्याची तार घेऊन येतात, बसून नऊ कॉइल गुंडाळतात आणि मग विचारतात की भाऊ, व्होल्टेज काहून येत नाही. उलटं करा. आधी मॅग्नेट घ्या, हातात धरून त्याची लांबी-रुंदी मोजा, मग कॉइल ठरवा. कॉइल किती, केवढी, किती टर्नची (वेढ्यांची), हे सगळं मॅग्नेटच सांगतो.

मी इथे धरून चाललोय ते ४६×३०×१० मिमीचे निओडायमियम मॅग्नेट, एका प्लेटवर १२, समोरच्या प्लेटवर १२, आणि मधे रेझिनमधे (घट्ट होणाऱ्या प्लास्टिकच्या द्रवात) ओतलेल्या ९ कॉइल. स्कॉटलंडचे ह्यू पिगॉट यांनी ही १२ आणि ९ ची जोडी जगभरच्या हौशी लोकांपर्यंत पोचवली. हिशोब असा की दर ४ मॅग्नेटला ३ कॉइल, म्हणजे ८ ला ६ आणि १६ ला १२ पण चालतात. १२ मॅग्नेट म्हणजे दर ३० अंशांवर एक, ९ कॉइल म्हणजे दर ४० अंशांवर एक. आता पहिली कॉइल बरोबर नॉर्थवर असेल तर चौथी १२० अंशांवर, म्हणजे चार मॅग्नेट पुढे, तिथे पण नॉर्थच, आणि सातवीवर पण तेच. म्हणून १-४-७ ची एक फेज (एकाच क्षणी सारखं व्होल्टेज देणाऱ्या कॉइलचा गट), २-५-८ ची दुसरी, ३-६-९ ची तिसरी. १२ ला १२ कॉइल लावल्या तर सगळ्या एकाच क्षणी जोर लावतात, लोड आला की चक्की थरथरते आणि पाइपमधून घरभर आवाज येतो, तसं करू नका.

प्लेट लोखंडाचीच पाहिजे, ६ ते ८ मिमी जाड, कारण एका मॅग्नेटमधून निघालेला फ्लक्स (चुंबकी प्रवाह) शेजारच्याकडे त्या लोखंडातूनच वळतो, प्लायवुडवर चिकटवले तर अर्धी ताकद वाया. नागपुरात इतवारीत लोहा ओळीत प्लेट मिळून जाते. मॅग्नेट लावताना एक मॅग्नेट हातात एकाच बाजूने धरा आणि प्रत्येकावरून फिरवा, ओढला-ढकलला-ओढला-ढकलला असं आलं पाहिजे, दोनदा लागोपाठ ओढला तर तिथेच थांबा. दुसरी प्लेट अशी लावा की नॉर्थसमोर साउथ येईल. आणि ती प्लेट हाताने ठेवायची नाही, तीन लांब बोल्ट लावून हळूहळू खाली उतरवायची, त्या दोघींच्या मधे बोट आलं तर हाड राहत नाही.

आता कॉइलचा आकार, आणि खरी चूक इथेच होते. कॉइलच्या मधलं भोक मॅग्नेटएवढं ठेवा, ४६ बाय ३०, मधल्या शाफ्टकडच्या बाजूला थोडं निमुळतं. माझ्या पहिल्या स्टेटरमधे (कॉइलची न फिरणारी तबकडी) मी भोक १२ मिमीच ठेवलं होतं, वाटलं जागा वाचेल आणि टर्न जास्त बसतील. टर्न बसले, पण आतल्या टर्नचे दोन्ही पाय (भोकाच्या दोन बाजूंची तार) एकाच मॅग्नेटखाली येत होते, एका पायातलं व्होल्टेज दुसऱ्याने खाल्लं, तांबं मात्र तापत राहिलं. एक पाय नॉर्थखाली तर दुसरा साउथखाली, हेच सगळ्यात महत्त्वाचं आहे. पायाची रुंदी २०-२२ मिमी धरा आणि आधी पुठ्ठ्यावर सगळं खऱ्या मापात काढून, कॉइलचे पुठ्ठे कापून गोलात मांडून बघा, आतल्या बाजूला एकमेकांवर चढत असतील तर फर्मा (कॉइलचा साचा) करायच्या आधीच कळेल.

टर्नचा आकडा कोणाचा उचलू नका, तुमचा गॅप (दोन प्लेटांमधली फट) वेगळा, पाती वेगळी. पात्यांचा व्यास १.८ मीटर आणि टिप स्पीड रेशो (पात्याच्या टोकाचा वेग वाऱ्याच्या किती पट) ६ असेल तर ३ मीटर प्रति सेकंद वाऱ्यात साधारण १९० आरपीएम (मिनिटाला फेरे) मिळतात. आपल्याकडे नागपुरात जून-जुलै सोडला तर वारा तसा बेताचाच, म्हणून चार्जिंग इथूनच सुरू झालं पाहिजे. १२ व्होल्टच्या बॅटरीला १२.५ धरा, रेक्टिफायरचे (एसीचं डीसी करणारा) १.४ मिळवा, १३.९ झाले. हे एसीचं शिखर झालं, मीटर त्यापेक्षा कमी दाखवतो, म्हणून १.४१ ने भागा, ९.८६. स्टार कनेक्शन (तिन्ही फेजचं एकेक टोक एकत्र) आहे म्हणून १.७३ ने भागा, ५.७ एका फेजचे. तीन कॉइल सिरीजमधे, म्हणजे एका कॉइलला १.९ व्होल्ट पाहिजे. आता ३० टर्नची एकच ट्रायल कॉइल करा, खऱ्या गॅपमधे धरून प्लेटा लेथवर किंवा ड्रिलने फिरवा, आणि मीटरमधे हर्ट्झ असेल तर फार सोपं, १२ पोलला (एका प्लेटवरचे मॅग्नेट) हर्ट्झ गुणिले १० म्हणजे आरपीएम, १९ दिसले की १९०. तेव्हा समजा १.४२ व्होल्ट आले तर १.९ भागिले १.४२ गुणिले ३०, म्हणजे ४० टर्न. २४ व्होल्टला साधारण दुप्पट टर्न आणि अर्ध्या क्षेत्रफळाची तार.

तारेसाठी कूलरच्या मोटरी रिवाइंड करणाऱ्याकडे जा, किलोवर वाइंडिंग वायर मिळते. १.४ मिमीच्या दोन तारा सोबत गुंडाळा, एक जाड तार वळवताना कॉइल फुगते. सगळ्या कॉइल एकाच दिशेने गुंडाळायच्या आणि सुरुवातीच्या टोकाला लाल टेप.

जोडताना १ चा शेवट ४ च्या सुरुवातीला, ४ चा ७ ला, तिन्ही फेजच्या सुरुवाती एकत्र. रेझिन ओतायच्या आधी मोजा: एका फेजच्या तिघींचं मिळून एका कॉइलच्या तिप्पट आलं पाहिजे. एकाच कॉइलएवढं आलं तर एक उलटी जोडली गेली आहे, दोन पुढे एक मागे. नंतर तीन टोकांपैकी कोणत्याही दोघांत फेजच्या १.७३ पट आणि तिन्ही जोड्यांत सारखं.

रेझिन मे महिन्यात दुपारी ओतू नका, ४५ डिग्रीत ते हातातच घट्ट होतं आणि आतून तापून तडकतं. सकाळी लवकर, हार्डनर कमी. साधे एन ग्रेडचे मॅग्नेट पण ८० डिग्रीच्या वर ताकद गमावतात, म्हणून गच्चीवर चढवल्यावर पहिल्या जोराच्या वाऱ्यानंतर चक्की थांबवून स्टेटरला हात लावून बघा, हात ठेववत नसेल तर करंट जास्त ओढला जातोय.