शुगर लो झाल्यासारखी वाटतेय? या चुका टाळा

डायबिटीसची गोळी किंवा इन्सुलिन चालू असलेलं माणूस घरात असेल तर "शुगर लो झाली वाटतं" हे वाक्य अधूनमधून कानावर पडतंच, आणि ते पडलं की सगळे एकदम धावतात, कोणी पेढा आणतं, कोणी चहा टाकतं, कोणी सरबत ढवळायला घेतं. धावायलाच हवं. पण त्या पंधरा-वीस मिनिटांत आणि त्याच्या आधी-नंतर होणाऱ्या चुका बहुतेक घरांत त्याच त्याच असतात आणि मला विचाराल तर सगळ्यात मोठी चूक म्हणजे पेशंटला बरं वाटलं की विषय तिथेच संपतो. लो का झाली, हे कोणी विचारतच नाही, मग आठवड्याने परत तेच. मी डॉक्टर नाही, सासूबाईंचा डायबिटीस बरीच वर्षं सांभाळतेय, आणि त्यांच्या डॉक्टरांकडून जे शिकले ते इथे लिहितेय, गोळ्या किंवा डोस बदलायचा तर तुमच्या डॉक्टरांनाच विचारा.

मशीन कपाटात, अंदाज मात्र जोरात

हात थरथरणं, गार घाम, छातीत धडधड, एकदम भूक, ओठांना मुंग्या, डोळ्यांपुढे अंधारी, उगाच चिडचिड, बोलताना अडखळणं. ही सगळी लो शुगरची लक्षणं आहेत, पण यातली निम्मी लक्षणं अ‍ॅसिडिटीत, उन्हात फिरल्यावर, बीपी खाली आल्यावर, हिमोग्लोबिन कमी असल्यावर, नुसत्या टेन्शननेही येतात. म्हणून घरात ग्लुकोमीटर असेल तर गोड तोंडात टाकायच्या आधी बोट टोचून बघा, अर्धा मिनिट लागतं. डायबिटीसच्या पेशंटला ७० च्या खाली आकडा म्हणजे लो, लगेच उपाय करायचा, आणि ५४ च्या खाली म्हणजे गंभीर, तिथे वेळ घालवायचाच नाही. मशीन जवळ नसेल, बाजारात असाल, बसमध्ये असाल, तर मात्र लो आहे असं धरूनच चाला आणि गोड घ्या. एकदा जास्तीची साखर पोटात गेली तर तेवढ्याने काही बिघडत नाही, खरी लो तशीच सोडली तर बिघडतं.

तपासतानाही गडबड होते. आंबा किंवा चिकू कापलेल्या हाताने टेस्ट केली तर बोटावरची साखर स्ट्रिपमध्ये जाते आणि शुगर लो असूनही आकडा छान दिसतो, तेव्हा हात साबणाने धुऊन कोरडे करा, निदान ओल्या कपड्याने पुसून मग कोरडे करा. स्ट्रिपच्या डबीचं झाकण उघडं राहिलं की दमट हवेने स्ट्रिप्स खराब होतात, पावसाळ्यात कोकणात-मुंबईत तर फारच. आणि चांगल्या मशीनचा आकडासुद्धा लो शुगरच्या भागात पंधराएक पॉइंट इकडेतिकडे असू शकतो, त्यामुळे ७२ आलाय म्हणजे लो नाही असा वाद घालत बसू नका, घाम फुटलाय आणि आकडा ७२ आहे तर ती लोच समजा.

एक वेगळी गोष्ट पण सांगायला हवी. ज्यांची शुगर महिनोन्महिने ३०० च्या आसपास राहिलीये त्यांची ट्रीटमेंट नीट सुरू झाली की १२०-१३० ला सुद्धा थरथर, घाम, धडधड होते, कारण शरीराला त्या वरच्या आकड्याचीच सवय झालेली असते. त्रास खरा असतो, पण प्रत्येक वेळी वाटीभर साखर खाल्ली तर शुगर कधी खाली येणारच नाही. अशा वेळी काहीतरी हलकं खा, बसा, आणि डॉक्टरांना सांगा म्हणजे ते शुगर जरा सावकाश खाली आणतील. थोडे दिवस गेले की हा त्रास आपोआप कमी होतो.

आणि ज्यांना डायबिटीसच नाही, कुठली गोळी नाही, त्यांनी चक्कर आली की शुगर लो म्हणून गोड खात सुटू नये. अ‍ॅलन व्हिपल नावाच्या अमेरिकन सर्जनने १९३० च्या दशकात यासाठी तीन अटी सांगितल्या, त्या आजही वापरतात: लक्षणं असली पाहिजेत, त्याच वेळी तपासलेली शुगर खरंच कमी असली पाहिजे, आणि शुगर वर आणल्यावर लक्षणं गेली पाहिजेत. तिन्ही जुळलं तर डॉक्टरांकडे जाऊन कारण शोधायलाच हवं. नुसता भात-गोड खाल्ल्यावर दोन-चार तासांनी त्रास होत असेल तर जेवणात डाळ, भाजी, उसळ वाढवणं, गोड कमी करणं, थोडं थोडं खाणं याने बऱ्याच जणांना फरक पडतो. वजन कमी करायचं ऑपरेशन झालेल्यांना मात्र असं झालं तर त्यांनी थांबू नये, सर्जनला कळवावं.

पेढा, चॉकलेट, बर्फी, बिस्कीट

गोड म्हणजे सगळं सारखं नाही. पेढ्यात खवा, चॉकलेटमध्ये फॅट, बर्फीत तूप. हे फॅट पोटातून साखर पुढे जायला उशीर लावतं आणि लो शुगरमध्ये आपल्याकडे नेमका तोच वेळ नसतो. पाहिजे काय, तर साधी साखर किंवा ग्लुकोज, तेही पाण्यातून. साधारण १५ ग्रॅम लागतं: ग्लुकोज पावडर किंवा साखर चहाच्या चमच्याने भरून तीन चमचे अर्धा ग्लास पाण्यात, किंवा पोह्याच्या मोठ्या चमच्याने एक चमचा मध, किंवा अर्ध्या कपापेक्षा थोडा जास्त फळांचा ज्यूस किंवा साधं कोल्ड्रिंक. डाएट किंवा झिरो लिहिलेलं कोल्ड्रिंक बिलकुल चालणार नाही, त्यात साखर नसतेच. आणि ज्या घरात शुगर फ्रीच्या पुड्या किंवा गोळ्या वापरतात तिथे ही चूक हमखास होऊ शकते, घाईत हाताला तीच डबी लागते, सरबत गोड लागतं, सगळे निर्धास्त, आणि शुगर जागची हलत नाही. दोन डब्या वेगवेगळ्या ठिकाणी ठेवा, जमलं तर वर मोठ्या अक्षरात लिहा.

व्होग्लिबोज घेणाऱ्यांनी हे वाचाच

सासूबाईंच्या गोळीचं पाकीट उलटं करून बघितलं तर मागे बारीक अक्षरात तीन नावं आहेत: ग्लिमेपिराइड, मेटफॉर्मिन, व्होग्लिबोज. आपल्याकडे ही तिहेरी गोळी खूप जणांना चालू असते आणि आपण तिला नुसती शुगरची गोळी म्हणतो. यातलं ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाकडून जास्त इन्सुलिन सोडवून घेतं, तुम्ही जेवलात की नाही हे ते बघत नाही, त्यामुळे शुगर लो करणारं मुख्य औषध तेच. आणि व्होग्लिबोज काय करतं तर आतड्यात साखरेचे तुकडे करणाऱ्या एन्झाइमला अडवतं. स्वयंपाकघरातली साखर हे दोन साखरींचं जोडलेलं रूप आहे, ती आधी तुटावी लागते, मगच रक्तात जाते. म्हणजे या गोळीवर असलेल्या माणसाला लो झाल्यावर साखर-पाणी दिलं तर ते काम करायला खूप उशीर लावतं. अशांना ग्लुकोजच लागतं, मेडिकलमध्ये मिळणारी ग्लुकोज पावडर किंवा डेक्स्ट्रोजच्या गोळ्या, कारण ग्लुकोज तोडायची गरजच नसते. अ‍कार्बोज नावाची गोळी असेल तरी हेच. घरात ग्लुकोज नसेलच तर मध द्या, त्यात सुटं ग्लुकोज बऱ्यापैकी असतं. आजच पाकिटाची मागची बाजू वाचा, आणि व्होग्लिबोज दिसलं तर ग्लुकोजचा एक पुडा घरात, एक पर्समध्ये आणि एक ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये ठेवा.

पंधरा मिनिटं न थांबणं

ग्लुकोज पोटात गेल्यावर आकडा वर यायला दहा-पंधरा मिनिटं लागतात. तोपर्यंत भूक राक्षसासारखी असते, जीव घाबरा झालेला असतो, आणि माणूस लाडू, केळं, परत सरबत, परत बिस्किटं असं जे दिसेल ते खात सुटतो, मग दोन तासांनी शुगर ३०० आणि ती बघून कोणीतरी इन्सुलिनचा जास्तीचा डोस घेतं, की संध्याकाळी परत लो. हे चक्र तोडायचं तर १५ ग्रॅम घ्या, घड्याळ लावा, पंधरा मिनिटं शांत बसा, परत तपासा. अजून ७० च्या खाली असेल तर परत १५ ग्रॅम. दोन-तीनदा करूनही वर येत नसेल तर दवाखाना गाठा.

शुगर वर आली की मग खरं खाणं: जेवायची वेळ झाली असेल तर सरळ जेवा, वेळ असेल तर अर्धी पोळी-भाजी, दूध-बिस्कीट, मूठभर शेंगदाणे आणि केळं असं काही. हे टाळलं तर घेतलेलं ग्लुकोज तासाभरात संपतं आणि तुम्ही परत खाली.

बरं वाटलं म्हणून कारण न शोधणं

इथे मी जरा जास्त बोलणार आहे कारण सगळी गोम इथेच आहे.

सकाळी गोळी घेतली आणि नाश्ता लांबला, हे सगळ्यात कॉमन. बँकेत रांग, लग्नाची पंगत अडीचला, पाहुणे येणार म्हणून थांबणं. इन्सुलिन घेणाऱ्यांचं तर आणखी नाजूक, ३०/७० चं मिक्स इन्सुलिन साधारण जेवणाआधी अर्धा तास घ्यायचं असतं, ते घेतलं आणि तेवढ्यात फोन आला, कुकरची शिट्टी झाली नाही, कोणी भेटायला आलं, की इन्सुलिनचं काम सुरू आणि पोट रिकामं. ताट वाढायच्या बेतात आहे हे डोळ्यांनी बघूनच सुई घ्या.

उपास हे दुसरं. संकष्टीला चंद्रोदय रात्री नऊ-साडेनऊला असतो आणि कित्येक घरांतल्या बायका दिवसभर चहावर काढतात पण सकाळची गोळी मात्र रोजच्यासारखी घेतात, किंवा उलट, गोळी स्वतःच्या मनाने बंद करतात. दोन्ही नको. श्रद्धा आहे तर उपास करा, पण आदल्या आठवड्यात डॉक्टरांना विचारून डोस ठरवून घ्या. आणि शुगर लो झाली तर त्या क्षणी उपास सोडायचा, यात कुठलाही कमीपणा नाही.

मग जास्तीचं चालणं. गडावर जाणं, वारीत चालणं, दिवाळीची साफसफाई, शेतात भांगलण. स्नायू साखर ओढून घेतात आणि हे व्यायाम संपल्यावरही कित्येक तास चालू राहतं, म्हणून कधीकधी लो त्याच वेळी न येता संध्याकाळी किंवा रात्री येते. जुलाब-उलट्या होताहेत, पोटात काही टिकत नाही, तरी शुगरची गोळी घेणं ही पण मोठी चूक, डॉक्टरांना फोन करूनच त्या दिवसाचं ठरवा. दारू, तीही रिकाम्या पोटी, लिव्हरचं साखर तयार करायचं काम रोखते. आणि किडनी कमजोर होत असेल तर औषध शरीरात जास्त वेळ रेंगाळतं, काल-परवापर्यंत सोसणारा डोस आज जास्त होतो, त्यामुळे काहीही बदललेलं नसताना वारंवार लो होत असेल तर क्रिएटिनिन तपासून घ्या.

इन्सुलिनच्या बाबतीत एक चूक तर जीवावर बेतू शकते. आपल्याकडे बाटलीतलं इन्सुलिन सहसा मिलीलिटरला ४० युनिटचं असतं, पेनमधलं १०० युनिटचं, आणि १०० च्या बाटल्यासुद्धा मिळतात. लाल टोपीची सिरिंज ४० साठी, नारिंगी टोपीची १०० साठी. कोणी १०० चं इन्सुलिन लाल सिरिंजने २० च्या खुणेपर्यंत भरलं तर अंगात जातात ५० युनिट, म्हणजे अडीचपट. पेन बिघडलं म्हणून सिरिंजने काढून घेऊ असं कधी मनात आलं तर थांबा, आधी विचारा. तसंच एकाच जागी वर्षानुवर्षं टोचून पोटावर गाठी आल्या असतील तर तिथून इन्सुलिन कधी कमी तर कधी भसकन शोषलं जातं, जागा बदलत राहा.

एक छोटी वही करा: तारीख, वेळ, आकडा, शेवटचं काय आणि कधी खाल्लं, गोळी कधी घेतली, त्या दिवशी वेगळं काय केलं. चार-पाच नोंदी झाल्या की डॉक्टरांना दोन मिनिटांत पॅटर्न दिसतो, बऱ्याचदा डोस कमी करून प्रश्न सुटतो. ते वही मागत नसतील तरी पुढे करा.

वय झालं, अशक्तपणा आहे

म्हातारं माणूस दुपारी गप्प झालं, विचित्र बोलायला लागलं, चालताना झोक गेला, तर आपण वयावर ढकलतो. घाम-थरथर प्रत्येकाला येतेच असं नाही. खूप वर्षांचा डायबिटीस आणि वरचेवर लो होणं, यामुळे शरीराची धोक्याची सूचनाच बंद पडत जाते आणि थेट गोंधळ उडतो. बीपी किंवा हृदयासाठी मेटोप्रोलॉल, अटेनोलॉल, प्रोप्रॅनोलॉल यांपैकी काही चालू असेल तर धडधड आणि थरथर झाकली जाते, घाम मात्र येतो, त्यावर लक्ष ठेवा. लो शुगरमध्ये कधी एक बाजू लुळी पडल्यासारखीही होते आणि घरच्यांना वाटतं अर्धांगवायू. हॉस्पिटलला निघाच, पण निघताना बोट टोचून शुगर बघा.

गाडी चालवताना असं वाटलं तर बाजूला घ्या, चावी काढा, ग्लुकोज घ्या. आकडा ७० च्या वर आला म्हणून लगेच किक मारू नका, शुगर नॉर्मल झाल्यावर पाऊण तास तरी जाऊ द्या, कारण मेंदूला पूर्ण जागेवर यायला तेवढा वेळ लागतो. निघतानाच ९० च्या खाली असेल तर आधी काहीतरी खाऊन निघा.

बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालणं

हे कधीच करू नका. गिळता येत नसेल, नीट शुद्ध नसेल तर सरबत, पाणी, साखर काहीही तोंडात नको, श्वासनलिकेत गेलं तर दुसरंच संकट. कुशीवर वळवा, तोंड मोकळं ठेवा, १०८ ला फोन लावा आणि डायबिटीसचा पेशंट आहे, शुगर लो असावी असं पहिल्याच वाक्यात सांगा, तिथे शिरेतून ग्लुकोज देतात आणि माणूस बहुतेक वेळा लगेच डोळे उघडतो. डोळे उघडले की नातेवाईक घरी न्यायची घाई करतात. ग्लिमेपिराइडसारख्या गोळीने लो झाली असेल तर सलाईन थांबल्यावर काही तासांनी शुगर परत घसरू शकते, वयस्कर आणि किडनीच्या पेशंटमध्ये तर दुसऱ्या दिवशीसुद्धा, त्यामुळे डॉक्टर थांबा म्हणाले तर थांबा. आणि निघताना गोळ्यांची सगळी पाकिटं, इन्सुलिन आणि सिरिंज पिशवीत घालून सोबत न्या, "पांढरी गोल गोळी" एवढ्यावरून तिथल्या डॉक्टरांना काही कळत नाही.