आयर्लंडमध्ये तळ्याकाठी बसताना चिलटं चावू नयेत म्हणून

उन्हाळ्यात किलार्नीच्या मक्रॉस तळ्याकाठी किंवा कॉनेमारात डबा उघडला, की पाच मिनिटांत मिज नावाची बारीक चिलटं कॉलरमध्ये, केसांच्या मुळाशी शिरून चावू लागतात.

१. निघण्याआधी हवामानाच्या अ‍ॅपवर पावसाबरोबर वाराही बघा. ताशी १० किलोमीटरच्या वर वारा असला, तर या चिलटांना नीट उडताच येत नाही.

२. काठावर पोचलात की पाणी बघा. जिथे ते आरशासारखं स्थिर आहे तिथे बसू नका, दृश्य कितीही सुंदर असलं तरी. थोडं चालून, बारीक लाटा उठताहेत अशा उघड्या काठावर चटई टाका. मला तरी अंगावर मारायच्या, चिलटं पळवणाऱ्या फवाऱ्यापेक्षा याचाच जास्त उपयोग झाला.

३. पूर्ण बाह्यांचे, फिक्या रंगाचे कपडे घाला. खाणंपिणं दुपारीच उरका, कारण पहाटे आणि संध्याकाळी चिलटं सर्वांत जास्त असतात.

एक जपा: नेचे आणि उंच गवतातून चालला असाल, तर परतल्यावर गुडघ्यामागे, काखेत, मुलांच्या कानामागे गोचीड चिकटलेली नाही ना, हे नक्की तपासा. तिच्यामुळे लाइम हा आजार होऊ शकतो. दिसलीच, तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढा.