झिर्कोनिया प्रोबचा ऑक्सिजन आकडा कसा तपासायचा

खानदेशात बॉयलर बगॅसवरचा (उसाच्या चिपाडावरचा) असो, पऱ्हाटीच्या ब्रिकेटवरचा असो की दीपनगरच्या वीजकेंद्रासारखा कोळशावरचा, धुरातला ऑक्सिजन बहुधा झिर्कोनिया प्रोबच मोजतो. आकडा पटला नाही की सेल, म्हणजे प्रोबमधला प्रत्यक्ष मोजणारा भाग, बदलायची घाई होते. आधी मल्टिमीटर काढा.

यिट्रिया मिसळलेलं झिर्कोनियम ऑक्साइड तापलं की त्यातून ऑक्सिजनचे आयन वाहतात. एका बाजूला स्वच्छ हवा, दुसऱ्या बाजूला धूर. दोन्हींतल्या ऑक्सिजनच्या फरकानुसार प्लॅटिनम इलेक्ट्रोडवर मिलिव्होल्ट मिळतात. सेल ७०० अंश सेल्सिअसला असेल तर हवेत ० (चांगल्या सेललाही एखाद-दोन मिलिव्होल्टचा फरक असतो), ५ टक्क्यांना सुमारे ३०, ३ टक्क्यांना सुमारे ४१ मिलिव्होल्ट. ऑक्सिजन दसपट घटला की ४८ मिलिव्होल्ट वाढतात. मीटरवर हे जुळलं आणि आकडा दाखवणाऱ्या पॅनेलवर नाही, तर दोष सेलचा नाही.

तापमानाचा घोटाळा सहज नजरेतून सुटतो. सेलचं तापमान मोजणाऱ्या के टाइप थर्मोकपलची कॉम्पेन्सेटिंग केबल (थर्मोकपलशी जुळणाऱ्या धातूंची खास वायर) तुटली की कोणीतरी साधी तांब्याची वायर जोडून मोकळा होतो. प्रोबचं डोकं ७० अंशांवर, पॅनेल एसीत २५ वर. तांब्याच्या वायरमुळे हा फरक हिशेबात येत नाही, म्हणून हीटरचा कंट्रोलर तेवढे ४५ अंश कमी वाचतो आणि सेल ७४५ पर्यंत तापवतो. खरा ऑक्सिजन ४ टक्के असताना पॅनेल ३.७ दाखवतं. वैशाखात डोकं आणखी तापलं की फरक आणखी वाढतो.

कॅलिब्रेशनला (माहीत असलेल्या गॅसवर आकडा जुळवताना) शुद्ध नायट्रोजन लावू नका: गणित लॉगरिदमचं असल्यामुळे शून्य ऑक्सिजनला आकडाच ठरत नाही. नायट्रोजनमध्ये १ ते २ टक्के ऑक्सिजन असलेला सिलिंडर आणि कोरडी इन्स्ट्रुमेंट एअर वापरा. गॅसचा प्रवाह मॅन्युअलप्रमाणेच ठेवा. तो कमी पडला तर धूर आत मिसळतो. रेफरन्सला, म्हणजे सेलच्या स्वच्छ हवेच्या बाजूलाही, कोरडीच हवा हवी. ३० अंशांना ८० टक्के आर्द्रतेच्या पावसाळी हवेत ऑक्सिजन २०.९५ नव्हे, २०.२ च्या आसपास असतो.

हातातल्या अ‍ॅनालायझरशी तुलना करताना तो धूर सुकवून मोजतो हे लक्षात ठेवा. धुरात २० टक्के वाफ असेल तर प्रोबचे ४ तिथे ५ दिसतात, आणि दोन्ही बरोबर असतात. ओल्या बगॅसवर या मुद्द्यावरून हमखास वाद होतो.

आकडा जास्त येत असेल तर फ्लँजचं गॅस्केट आणि कॅलिब्रेशन लाइनचं टोपण बघा. गळतीची हवा तिथूनच शिरते. प्रोब धुराच्या वाटेवर एअर प्रीहीटरनंतर (धुराच्या उष्णतेने हवा तापवणाऱ्या यंत्रानंतर) बसवला असेल तर तिथली गळतीही मोजली जाते. न जळलेला कार्बन मोनॉक्साइड उलट आकडा पाडतो, कारण तो तापलेल्या प्लॅटिनमवर जळताना ऑक्सिजन खातो. गॅस्केटला सिलिकॉन सीलंट लावू नका, त्याच्या वाफेने इलेक्ट्रोड मरतो. बॉयलर थोड्या दिवसांसाठी बंद असला तरी हीटर चालू ठेवा, नाहीतर आम्लाचं पाणी सेलवर साचतं.