मुलाला खरंच येतंय का, हे तपासताना या चुका टाळा

रात्री सगळं घडाघडा म्हणून दाखवलं आणि आठवड्याने विचारलं तर आठवेचना, ही तक्रार घरोघरी असते. मुलावर चिडण्याआधी आपण कधी विचारलं ते बघा. वाचून झाल्या झाल्या कुणालाही सांगता येतं हो! रोडिगर आणि कार्पिकी यांनी २००६ मध्ये कॉलेजच्या मुलांवर हेच करून बघितलं, ५ मिनिटांनी टेस्ट घेतली तर परत परत वाचणारे पुढे, आणि आठवड्याने घेतली तर न बघता आठवून लिहिणारे पुढे. त्यामुळे दोन-तीन दिवस जाऊ द्या, मग पुस्तक मिटून विचारा, आणि चुकलं तर बरोबर उत्तर तिथल्या तिथे दाखवा.

आता सगळ्यात मोठी चूक. उत्तर चुकलं की लाल फुली मारायची आणि पुढे जायचं. समजा ५२ वजा ३८ चं उत्तर मुलाने २६ लिहिलं. आपण म्हणतो, धांदरटपणा, लक्ष नाही. पण त्याला ७१ वजा ४६ घालून बघा, ३५ आलं तर तो धांदरटपणा नाहीच, पोरगं अगदी इमानेइतबारे प्रत्येक घरात मोठ्या आकड्यातून लहान वजा करतंय, कारण सुरुवातीला तेच तर शिकवलेलं असतं. ब्राउन आणि बर्टन यांनी १९७८ मध्ये अशाच ठरावीक पद्धतीने होणाऱ्या चुका शोधून मांडल्या होत्या. अशा मुलाला अजून पन्नास गणितं घातली तर चुकीची रीतच पक्की होणार, त्यापेक्षा "हे कसं केलंस, मला सांग" म्हणा आणि मध्ये न बोलता ऐका (हे आपल्यालाच जास्त जड जातं).

याची उलटी बाजूही आहे, ती सहसा कुणी बघत नाही. ५८ वजा ३२ मध्ये त्याच चुकीच्या रीतीने उत्तर बरोबर येतं! दशांशाचंही तसंच, ०.६२ मोठं की ०.४, असं विचारलं तर ६२ मोठे म्हणून मूल बरोबर सांगेल, पैकीच्या पैकी मार्क. ०.३५ आणि ०.४ विचारा, मग कळेल. म्हणजे प्रश्न असा हवा की चुकीची समजूत असेल तर तो चुकलाच पाहिजे.

लहान मुलांना "नक्की?" असं परत परत विचारू नका. मोठा माणूस पुन्हा विचारतोय म्हणजे आपलं चुकलंच असणार, असं धरून ती बरोबर उत्तरही बदलतात. पियाजे या बालमानसशास्त्रज्ञाच्या प्रयोगात वस्तूंच्या दोन ओळी सारख्या आहेत का, हे मांडणी बदलण्याआधी आणि बदलल्यावर असं दोनदा विचारायचे. रोझ आणि ब्लँक यांनी १९७४ मध्ये तोच प्रयोग थोडा बदलून बघितला, मांडणी बदलल्यावर एकदाच विचारलं, तर जास्त मुलांनी बरोबर सांगितलं.

"आमचा बघून शिकणारा आहे, त्याला ऐकून जमत नाही" हे डोक्यातून काढून टाका, २००८ मध्ये पॅशलर वगैरेंनी तपासलं तेव्हा मुलाच्या प्रकाराप्रमाणे शिकवल्याने फायदा होतो याला धड पुरावाच सापडला नाही.

राहिले मार्क. रूथ बटलर यांच्या १९८८ च्या अभ्यासात नुसता शेरा मिळालेली मुलं सुधारली, मार्क आणि शेरा दोन्ही मिळालेल्यांना त्या शेऱ्याचा तसा फायदा दिसला नाही. तेव्हा घरी सराव पेपर तपासलात तर आधी शेरा द्या, दुरुस्ती करून घ्या, आकडा नंतर सांगा. नाहीच सांगितला तरी चालतंय.